पावसाळ्यात व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न: डॉक्टर, पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे सगळ्यांना आळीपाळीने सर्दी-ताप, म्हणून सासूबाई मुलांसकट सगळ्यांना रोज व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी देतात आणि ह्यांनी मेडिकलमधून ६०,००० युनिटची डी३ ची पाकिटं पण आणलीत. घ्यायची का?

उत्तर: सासूबाईंची काळजी कळते हो, पण रोज सी घेतलं म्हणून सर्दी होतच नाही असं काही नाही. नियमित घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी साधारण ८ टक्के लवकर बरी होते, म्हणजे आठवड्याच्या दुखण्यात जेमतेम अर्धा दिवस, आणि सर्दी झाल्यावर सुरू केलं तर तेवढाही भरवसा नाही. मोठ्या बाईला दिवसाला लागतं ६५ मिलिग्रॅम, गोळी असते ५०० ची, आणि एका मध्यम पेरूत दिवसभराचं सहज भागतं. लिंबू वरणावर पिळा पण ताटात वाढल्यावर, उकळताना नको, उष्णतेने सी जातं.

खरी काळजी मला त्या डी३ ची वाटते. ते पाकीट रोजचं नाहीच, कमतरता असेल तर बहुतेक वेळा आठवड्याला एक आणि तेही ठरावीक आठवडेच. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या, प्रचंड तहान, किडनीला त्रास, त्यामुळे ह्यांना सांगा आधी डॉक्टरांना दाखवा, मुलांना तर परस्पर अजिबात देऊ नका. आणि डेंग्यू, लेप्टो गोळ्यांनी थांबत नाहीत, कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी ओता, सासूबाईंना दरवर्षीची फ्लूची लस द्या.