प्रश्न तुमचे : राजशिष्टाचार आणि नेत्यांच्या फजित्या

प्रश्न : बराक ओबामा राणीसमोर बोलत असतानाच राष्ट्रगीत सुरू झालं, अशी एक चित्रफीत पाहिली. चूक त्यांची की बँडवाल्यांची?

उत्तर : बँड बिचारा बरोबर होता. २४ मे २०११ ला बकिंगहॅम राजवाड्यातल्या शाही मेजवानीत ओबामांचं भाषण संपत आलं होतं. त्यांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, पेला उचलला आणि राणीचं नाव घेतलं. पण दोन वाक्यं अजून शिल्लक होती, त्यात शेक्सपिअरची एक ओळही. बँडला मात्र इशारा मिळाला होता. भाषणाचा कागद बँडप्रमुखाच्या हातात नसतो. पाहुणे उभे राहिले आणि नाव उच्चारलं गेलं की वाजवायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं. ओबामा राष्ट्रगीतावरून बोलत राहिले, मग त्यांनी राणीकडे पेला उंचावला. राणी समोर बघत उभ्या राहिल्या. ब्रिटिश रिवाजानुसार राष्ट्रगीत चालू असताना पेल्याला हात लावत नाहीत.

तिथला क्रम असा : भाषण पूर्ण संपवायचं. उभं राहण्याची विनंती करायची. ज्यांच्यासाठी टोस्ट आहे, म्हणजे ज्यांना शुभचिंतन म्हणून पेला उंचवायचा, त्यांचं नाव घेऊन गप्प व्हायचं. राष्ट्रगीत संपेपर्यंत हात खाली, पेला टेबलावर. मग पेला उचलून पुन्हा नाव, एक घोट, आणि बसायचं. ज्यांच्या नावाने टोस्ट आहे त्यांनी स्वतः प्यायचं नसतं. मद्य न घेणाऱ्याने पाणी किंवा सरबत उचललं तरी चालतं, रिकामा पेला मात्र वाईट दिसतो.

हे टाळायचा उपाय भाषण टंकलिखित करणाऱ्याच्या हातात आहे. टोस्टचे शब्द भाषणाच्या मजकुरात गुंफायचे नाहीत. शेवटच्या पानावर, वर मोकळी जागा सोडून, एकच ओळ ठेवायची आणि तिच्याखाली काही नाही. त्याच ओळीत देशाचं नाव मोठ्या अक्षरात हवं. १९८२ च्या डिसेंबरमध्ये रोनाल्ड रेगन यांनी ब्राझीलच्या राजधानीत ‘बोलिव्हियाच्या जनतेसाठी’ पेला उचलला. वर सारवासारव केली की बोलिव्हियाला मी यानंतर जाणार आहे. पुढचा मुक्काम होता कोलंबियात! चुकीवर पांघरूण घालायला गेलं की अशी दुसरी चूक होते. नाव दुरुस्त करून पुढे जावं.

प्रश्न : तुर्कस्तानात उर्सुला फॉन डर लायन यांना खुर्चीच मिळाली नव्हती. हा मुद्दाम केलेला अपमान होता का?

उत्तर : हेतू कुणाच्या मनात काय होता ते सोडा, गफलत कुठे झाली ते सांगता येतं. ६ एप्रिल २०२१ ला अंकारात युरोपीय संघाचे दोन अध्यक्ष एकत्र गेले होते : सदस्य देशांच्या प्रमुखांच्या परिषदेचे शार्ल मिशेल आणि संघाचा कारभार पाहणाऱ्या आयोगाच्या फॉन डर लायन. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्या दालनात मोठ्या खुर्च्या दोनच होत्या. एकीवर यजमान बसले, दुसरीवर मिशेल. बाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग बाजूच्या कोचावर बसल्या, तुर्की परराष्ट्रमंत्र्यांच्या समोर. म्हणजे राष्ट्रप्रमुखाच्या रांगेतून थेट मंत्र्याच्या रांगेत.

तुर्कस्तानचं म्हणणं, आसनव्यवस्था युरोपीय बाजूच्या सांगण्यावरूनच केली. मिशेल यांच्या शिष्टाचार अधिकाऱ्यांचं म्हणणं, बैठकीची खोली आम्हाला आधी बघूच दिली नाही. जेवणाचं दालन पाहिलं, तिथे खुर्च्या सारख्या करून घेतल्या. आणि फॉन डर लायन यांचं स्वतःचं पूर्वतयारी पथक त्या दौऱ्यात नव्हतंच. शिवाय परिषदेचे अध्यक्ष राष्ट्रप्रमुखाच्या जागी आणि आयोगाच्या अध्यक्ष पंतप्रधानाच्या जागी, असा मानाचा क्रम परिषदेचेच अधिकारी लावतात. आयोगाला तो मान्य नव्हता. घरातलं भांडण यजमानाच्या दिवाणखान्यात उघडं पडलं. २०१५ मध्ये अंतल्या इथे याच दोन पदांवरचे टस्क आणि युंकर एर्दोआन यांच्या दोन्ही बाजूंना सारख्या खुर्च्यांवर बसले होते, त्यामुळे ‘पद्धतच तशी’ ही सबब लंगडी वाटते.

पूर्वतयारीला गेलेल्या माणसाने प्रत्येक खोलीत जाऊन खुर्च्या मोजायच्या, त्यांची उंची आणि पाठ बघायची, फोटो काढायचा. खोली दाखवत नसतील तर आराखडा लेखी मागायचा. आणि आमच्या मते मिशेल यांनी त्या क्षणी उभंच राहायला हवं होतं. पाहुणा बसलाच नाही तर यजमानाला तिसरी खुर्ची मागवावीच लागते.

प्रश्न : दुसऱ्या देशाचं भाषण वाचून दाखवणं खरंच शक्य आहे?

उत्तर : फेब्रुवारी २०११ मध्ये ते झालंय, तेही आपल्याच परराष्ट्रमंत्र्यांकडून. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत एस. एम. कृष्णा यांनी पोर्तुगालच्या मंत्र्यांचं भाषण हाती घेतलं. अशा भाषणांची सुरुवात कुणाचीही असू शकते : अध्यक्षांचे आभार, विषयाचं महत्त्व. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ब्राझील आणि पोर्तुगाल हे दोन पोर्तुगीजभाषक देश आज इथे एकत्र आहेत याबद्दल आनंद व्यक्त झाला! सुमारे तीन मिनिटांनी तिथले भारताचे तेव्हाचे राजदूत हरदीपसिंग पुरी यांनी त्यांना थांबवलं. इतरांच्या भाषणांच्या वाटलेल्या प्रती टेबलावर साचत जातात, आणि आपला कागदही त्यांच्यासारखाच पांढरा असतो. आपलं भाषण रंगीत फोल्डरमध्ये ठेवावं, ते टेबलावर न ठेवता पाळी आल्यावर हातात द्यावं, आणि पहिल्याच वाक्यात स्वतःच्या देशाचं नाव असावं.

प्रश्न : २०१५ च्या प्रजासत्ताकदिनी उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी सलामी दिली नाही. ही चूक नव्हे का?

उत्तर : नाही. सलामी प्रमुख मान्यवर आणि गणवेशातल्या व्यक्ती देतात. त्या दिवशी प्रमुख मान्यवर राष्ट्रपती होते. साध्या पोशाखातल्या इतरांनी सावधान उभं राहायचं असतं, आणि अन्सारी तसेच उभे होते.

प्रश्न : तैवानमध्ये एका ब्रिटिश मंत्र्यांनी घड्याळ भेट दिल्यावर गहजब झाला. घड्याळात वाईट काय?

उत्तर : चिनी भाषेत ‘मोठं घड्याळ भेट देणं’ आणि ‘मरणाऱ्याला अखेरचा निरोप देणं’ यांचा उच्चार सारखा होतो. जानेवारी २०१५ मध्ये सुझन क्रेमर यांनी तैपेईच्या महापौरांना दिलं ते खिशातलं घड्याळ. त्याला शब्द वेगळा आहे, पण संकोच तिथवर पोचतोच. हे भंगारवाल्याला विकून टाकीन, असं महापौर थट्टेत म्हणाले आणि क्रेमर यांना माफी मागावी लागली. अशी भेट आलीच तर घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एखादं नाणं ठेवायचं, अशी तिथली तोड आहे. मग ती भेट राहत नाही, खरेदी होते.