अ‍ॅम्प्लिफायर बसवला म्हणून विम्याचा दावा बुडतो का?

प्रश्न : गाडीत मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर बसवून घेतला. त्याला वीज पुरावी म्हणून दुकानदाराने जास्त क्षमतेचा अल्टरनेटर (इंजिनावर चालून वीज बनवणारं यंत्र) लावला आणि बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड केबल ओढली. काही महिन्यांत बॉनेटखाली आग लागली, वायरिंग जळालं. वॉरंटी असूनही सर्व्हिस सेंटरने हात वर केले. ‘बदल कळवला नाही’ म्हणून विमा कंपनीने दावा फेटाळला. दुकानदार म्हणतो, तुम्हीच सांगितलंत म्हणून केलं. कुणाला धरायचं?

उत्तर : आधी एक काम करा. गाडीला कुणाला हात लावू देऊ नका. कुणाला धरायचं हे आग कुठून लागली त्यावर ठरणार आहे, आणि जळकी केबल एकदा भंगारात गेली की तुमच्याकडे फक्त तक्रार उरते. तारखेसह फोटो काढा आणि या वादाशी संबंध नसलेल्या जाणकाराकडून लेखी अहवाल घ्या.

त्याला नेमकं काय विचारायचं तेही सांगतो. डिकीकडे जाणाऱ्या केबलवर बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज होता का? हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतो, केबलसाठी असतो. तो डिकीत लावला असेल आणि केबल वाटेत पत्र्याला घासून सोलली असेल, तर बॅटरीचा सगळा करंट तिथेच वाहतो आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकात रबरी ग्रोमेट (केबल पत्र्याला घासू नये म्हणून बसवायची कडी) होतं का? केबल तांब्याची होती की तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची? खरोखर १००० वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात ८०-९० अँपिअर ओढतो. त्या मानाने केबल बारीक असेल तर ती तापणारच.

यातलं एक जरी चुकलेलं निघालं, तरी दुकानदाराचं ‘तुम्हीच सांगितलंत’ टिकत नाही. तुम्ही आवाज वाढवायला सांगितलं होतं, फ्यूज गाळायला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली ही सेवेतली त्रुटी आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती चालते. पक्कं बिल नसेल तर ऑनलाइन पेमेंटची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप जपून ठेवा.

विमा कंपनीचा नकार मला अर्धाच पटतो. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू पॉलिसीत जादा हप्ता भरून नोंदवाव्या लागतात. तुम्ही ते केलं नाही, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर-सबवूफरच्या पैशांवर पाणी सोडा. गाडीचं तसं नाही. आग ही स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात धरलेली जोखीम आहे, आणि अपवादाचं कलम लागू होतं हे सिद्ध करणं कंपनीचं काम. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला तरी दावा सरसकट फेटाळू नये, कपात करून तडजोडीने द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या अमलेंदू साहू प्रकरणात म्हटलं आहे. अशा तडजोडीत ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा धाक दाखवला तर घाबरू नका. ते कलम नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होणाऱ्या बदलांबद्दल आहे, आणि अल्टरनेटरची क्षमता त्या प्रमाणपत्रात नसते.

विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल लेखी मागा, कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर अंतिम नकारापासून एका वर्षात विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही आणि वकीलही चालत नाही, तेव्हा माझ्यासारख्या वकिलाचा खर्च वाचला. मात्र विमा कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात आधीच गेलात, तर लोकपाल तेच प्रकरण घेत नाही.

वॉरंटीवर फार जीव टाकू नका. पुस्तिकेत ‘बदलामुळे झालेलं नुकसान’ वगळलं आहे की बदल केला की वॉरंटीच रद्द, एवढं बघा. पहिलं असेल आणि आग मूळ वायरिंगमधून लागल्याचं अहवालात आलं, तरच उत्पादकाला नोटीस पाठवण्यात अर्थ आहे.