घर नागपूरच्या मनीषनगरला, नोकरी पुण्यात, मग इन्कम टॅक्सवाले माझं घर कोणतं धरणार?

तुमचा स्वतःचा फ्लॅट मनीषनगरला, लोन चालू आहे, आईबाबा तिथंच राहतात, तुम्ही पुण्यात भाड्यानं, आणि मित्र म्हणतो नोकरी जिथं तेच टॅक्ससाठी घर म्हणून नागपूरच्या फ्लॅटचं काही मिळणार नाही. भाऊ, मित्रानं सांगितला तो नियम अमेरिकेचा आहे. तिकडे कामाचं मुख्य ठिकाण ज्या भागात तेच टॅक्स होम, बायकापोरं कुठं राहतात ते बघत नाहीत, बाहेरगावचं काम वर्षाच्या वर चालणार असेल तर टॅक्स होमसुद्धा तिकडेच सरकतं.

आपल्याकडे तसं नाही. रहिवासी आहात का हे देशापुरतं बघतात, भारतात वर्षात 182 दिवस राहिलात की झालं, नागपूर का पुणे यानं काही फरक पडत नाही आणि आधारवरच्या पत्त्यानं तर अजिबात नाही.

फ्लॅटचा हिशोब वेगळा. स्वतःसाठी ठेवलेल्या दोन घरांपर्यंत त्या घरांचं उत्पन्न टॅक्ससाठी शून्य धरतात. आधी अट होती की नोकरीधंद्यामुळे दुसरीकडे राहावं लागत असेल तरच रिकाम्या घराला हे चालेल, 2025 च्या बजेटनं ती काढली, आता कोणत्याही कारणानं तिथं राहता येत नसेल तरी चालतं. मात्र मधे दोन महिने जरी कोणाला भाड्यानं दिला तर हे शून्य गेलं, मग भाडं उत्पन्नात धरावं लागतं, हे लोक हमखास विसरतात.

आणि पुण्याच्या भाड्यावर एचआरएची (पगारातल्या घरभाडे भत्त्याची) सूटसुद्धा मिळते, नागपूरला घर आहे म्हणून ती जात नाही. समजा बेसिक पगार 50 हजार, भाडं 15 हजार, तर 15 मधून बेसिकचे 10 टक्के म्हणजे 5 हजार वजा, महिन्याला 10 हजार सूट, अर्थात कंपनी तेवढा एचआरए देत असेल तर. सोबत नागपूरच्या लोनचं व्याज 2 लाखांपर्यंत उत्पन्नातून वजा होतं. दोन्ही एकाच वर्षात घेता येतं, पगारदार माणसाचा हा हक्काचा पैसा आहे आणि अर्धवट ऐकून लोक तो सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

फक्त हे सगळं जुन्या रिजीममध्ये, म्हणजे जुन्या करपद्धतीत. नव्यात एचआरएची सूट नाही आणि स्वतःच्या घराचं व्याजही नाही, म्हणून दोन्हीकडचा टॅक्स काढून बघा मगच एचआरला कळवा. वर्षाचं भाडं 1 लाखाच्या वर जातंय, तर घरमालकाचा पॅन आत्ताच मागून ठेवा, मार्चमधे ते फोन उचलत नाहीत.