वाट आधी पायांनी पाहावी: माउंटन बाइकच्या शर्यतीत उतरू पाहणाऱ्या तरुण मित्राला पत्र

प्रिय मित्रास,

अनेक आशीर्वाद.

येत्या हिवाळ्यात माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री, म्हणजे कच्च्या वाटेवर चढ-उतार करत जाण्याच्या, शर्यतीत नाव घालायचे तू ठरवलेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. तुझे निम्मे पत्र कोणती सायकल घ्यावी या एकाच प्रश्नाने भरले आहे. त्याचे उत्तर थोडक्यात देतो, कारण मला जे सांगायचे आहे ते वेगळे आहे. फक्त पुढे सस्पेन्शन (धक्के शोषणारी योजना) असलेली सायकल, म्हणजे हार्डटेल, घे. तिची चाके २९ इंची असावीत, ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचे असावेत आणि चौकट तुझ्या उंचीच्या मापाची असावी. उरलेल्या पैशांतून चांगले टायर, हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्यांची पॅड घे. मागचे सस्पेन्शन चुकीची रेघ, म्हणजे वाटेवरची चुकीची बाजू, धरणाऱ्या स्वाराला बराच काळ सांभाळून घेते, म्हणून शिकण्याच्या दिवसांत ते नसलेलेच बरे, असे माझे ठाम मत आहे.

चढाची तयारी तू करशीलच. दम वाढवण्याचे मार्ग सांगणारे पुष्कळ भेटतात आणि नियमित सरावाने तो वाढतोही. उताराकडे मात्र आपल्याकडे केवळ धाडसाची बाब म्हणून पाहिले जाते आणि तिथेच चांगले तयारीचे स्वार हाडे मोडून घेतात. उतार ही धाडसापेक्षा अभ्यासाची बाब आहे. ऑलिम्पिक पद्धतीच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत चार ते सहा किलोमीटरांच्या वर्तुळाला फेऱ्या मारायच्या असतात आणि शर्यत साधारण दीड तास चालते. म्हणजे तोच उतार, तीच वळणे आणि तेच खडक तुझ्यासमोर पुन्हा पुन्हा येणार असतात. ज्याने ते आधी पायी हिंडून पाहिले आहेत, त्याचे श्वास आणि सेकंद प्रत्येक फेरीत वाचतात.

ही गोष्ट किती खरी आहे हे तोक्यो ऑलिम्पिकच्या शर्यतीत दिसले. ती जुलै २०२१ मध्ये इझू येथे झाली. नेदरलँड्सचा मात्यू फान डेर पूल पदकाचा मोठा दावेदार होता. पहिल्याच फेरीत एका उंच खडकावरून उतरताना तो हँडलवरून फेकला गेला. त्या ठिकाणी सरावाच्या वेळी उतरण्यासाठी फळी लावलेली होती आणि शर्यतीतही ती असेल असे तो धरून चालला होता. फळी काढलेली होती. बाकीच्यांनी तिथे रीतसर झेप घेतली. हा मात्र फळीवरून उतरायच्या बेताने आला आणि त्याचे पुढचे चाक सरळ खाली गेले. पुढे काही फेऱ्यांनंतर त्याला शर्यत सोडावी लागली. इतका कसलेला स्वार कौशल्यात कमी पडला नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोरची वाट आणि त्या दिवशीची प्रत्यक्ष वाट यांत एका फळीचा फरक होता.

त्या शर्यतीचे सुवर्णपदक ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने जिंकले आणि त्याची पुढची कथाही तू लक्षात ठेवावीस. २०२४ साली पॅरिसजवळच्या एलांकूरच्या टेकडीवर शर्यतीच्या मध्यावर त्याचे चाक पंक्चर झाले आणि तो अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे पडला. तरीही त्याने भान न सोडता एकेकाला गाठले. शेवटच्या फेरीत फ्रान्सचा व्हिक्टर कोरेत्स्की त्याच्या पुढे होता. जिथे एका झाडामुळे वाट दुभंगते आणि झाडापलीकडे पुन्हा एक होते, तिथे पिडकॉकने दुसरा फाटा धरला आणि तो पुढे आला. दोघांचा एकमेकांना धक्काही लागला आणि प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, पण निकाल कायम राहिला. दोन फाटे कुठे मिळतात आणि कोणत्या फाट्याने किती जागा सापडते, हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्यालाच थकलेल्या अवस्थेत असा निर्णय क्षणात घेता येतो.

आता ब्रेकविषयी सविस्तर लिहितो, कारण नवे स्वार सर्वांत जास्त याच ठिकाणी चुकतात.

या खेळाच्या उगमाशीच ब्रेकची गोष्ट आहे. १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या डोंगरी रस्त्यावर काही तरुणांनी घड्याळ लावून उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. त्या ‘रिपॅक’ या नावाने ओळखल्या जातात. सुमारे साडेतीन किलोमीटरांत ती वाट जवळजवळ चारशे मीटर खाली येई. जाड टायरांच्या जुन्या, जड सायकली आणि मागच्या चाकाला उलटे पॅडल मारून लागणारा ब्रेक, एवढ्या साधनांनिशी ते उतरत. चाकाच्या मधल्या तुंब्यातले (हबमधले) ग्रीस तापून जळे, धूर निघे आणि पुढच्या खेपेआधी ते नव्याने भरावे लागे, म्हणूनच ‘रिपॅक’ हे नाव. तरीही गॅरी फिशरने तो उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत पार केला. त्याच मंडळींतील जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी चौकट बांधली. त्या ब्रेकवर विसंबता येत नसल्यामुळे वेग कुठे ठेवायचा आणि कुठे सोडायचा हे त्यांना पाठ असावे लागे. आजचे डिस्क ब्रेक एका बोटाने चाक जागीच थांबवतात आणि त्यामुळे आपण तो अभ्यास टाळतो.

उतारावर उभे राहण्याची रीत आधी पक्की कर. सीट खाली घ्यावी, दोन्ही पॅडल एका पातळीत ठेवावे, टाचा किंचित खाली दाबाव्या, गुडघे आणि कोपरे वाकलेले असावेत आणि शरीराचे वजन तळहातांऐवजी तळपायांवर असावे. घाबरलेला स्वार अंग पार मागच्या चाकावर नेतो आणि फक्त मागचा ब्रेक आवळतो. असे केल्याने पुढच्या चाकावरचा भार हलका होतो आणि ते वळायचे सोडून सरळ घसरते, तर मागचे चाक जाम होऊन फरफटते. वेग कमी करण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, मात्र तो सरळ वाटेवर आणि हळूहळू जोर वाढवत दाबायचा असतो. टायरच्या पकडीला मर्यादा आहे. ती पकड ब्रेकने खर्ची घातली तर वळण्यासाठी उरत नाही, म्हणून वळणात शिरण्याआधीच ब्रेक उरकून वळणात बोट सैल सोडावे.

समज, एखाद्या किल्ल्याच्या सोंडेशेजारून उतरणारी मुरमाची वाट आहे आणि समोर डावीकडे अरुंद वळण आहे. बाहेरच्या कडेला पावसाने खणलेली चर आहे, आतल्या कडेला करवंदीची जाळी आहे आणि मधोमध गुरांच्या खुरांनी सुटे झालेले दगड पसरले आहेत. जाळीच्या चार-पाच मीटर आधी, जिथे मुरूम दबून घट्ट झालेला असतो, तिथे दोन्ही ब्रेक दाबून वेग हवा तेवढा खाली आण. मग बोटे सैल कर, सायकल डावीकडे कलू दे, स्वतः मात्र तिच्याइतका कलू नकोस आणि उजव्या पायावर वजन दे. चरीकडे पाहत राहिलास तर चरीतच जाशील, म्हणून नजर वळणापलीकडच्या वाटेवर ठेव. हे एकच वळण एका सकाळी पुन्हा पुन्हा उतरून पाहा. वीस किलोमीटरांच्या भटकंतीपेक्षा त्यातून अधिक शिकशील.

ब्रेक कमी लावता आले की काय साधते, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आरन ग्विनचे आहे. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातील लिओगांगच्या डाउनहिल (फक्त उताराच्या शर्यतीच्या) विश्वचषक फेरीत या अमेरिकन स्वाराची चेन सुरुवातीलाच तुटली. पॅडल मारून वेग घेण्याची सोयच उरली नव्हती. त्याने प्रत्येक उंचवट्यावर अंग हलके केले, त्याच्या पलीकडच्या उतरणीवर सायकल खाली दाबली, वळणांतून मिळालेला वेग वाया जाऊ दिला नाही आणि चेनशिवाय ती शर्यत जिंकली. उपलब्ध असेल तर ती चित्रफीत आवाज बंद करून पाहा आणि त्याचे गुडघे व कोपरे कधी वाकतात व कधी सरळ होतात, एवढेच टिपून घे.

टायरमधल्या हवेकडेही लक्ष दे. दुकानात बहुधा हवा ठासून भरून देतात आणि मग सायकल प्रत्येक दगडावरून उडते. तुझे वजन ६५ ते ७० किलोंच्या आसपास असेल आणि टायर ट्यूबलेस असतील, तर पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआयपासून (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) सुरुवात कर. आत ट्यूब असेल तर पाच-सात पीएसआय अधिक ठेव. नाहीतर टोकदार काळ्या दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते आणि तिला दोन समांतर चिरा पडतात. दाब मोजण्याचे साधन स्वतःचे असू दे आणि प्रत्येक फेरफटक्यानंतरचा अनुभव वहीत लिहून ठेव.

सह्याद्रीची जमीन ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून मागच्या महिन्यात पाहिलेली वाट आजही तशीच असेल असे मानू नकोस. पावसाळ्यात काळ्या कातळावर शेवाळ धरते आणि त्यावर कोणताही टायर टिकत नाही. कोकणातला जांभा कोरडा असताना चाक घट्ट धरतो, ओला आणि शेवाळलेला असताना पाडतो. दसऱ्याच्या सुमारास कमरेएवढे गवत दगड झाकून टाकते. उन्हाळा जवळ आला की तेच गवत वाळून आडवे पडते आणि त्यावरून चाक सरकते. शिवाय मुरूम सुटा होतो. म्हणून उतरायच्या आधी पायी जा आणि बुटाने जमीन दाबून पाहा.

ओल्या मातीत सायकल घालू नये, असेही मी आग्रहाने सांगतो. चाकाने पडलेली खाच पुढच्या पावसाचे पाणी वाहून नेते आणि दोन पावसाळ्यांत पायवाटेचा ओहोळ होतो. नागमोडी वाटेवर मधून आडवे कापून उतरणे, मागचे चाक मुद्दाम फरफटवणे आणि गडाच्या पायऱ्यांवरून किंवा तटबंदीवरून सायकल उतरवून चित्रीकरण करणे, यांतले काहीही तू करू नयेस. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा जगभरचा संकेत आहे. आपल्याकडे त्यात पायी चालणारे, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया आणि गुरे यांचीही भर घाल, आणि गुराख्याने हात केला की सायकलवरून खाली उतर. अभयारण्यात जाण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घे. मरीन काउंटीत हा खेळ जन्मला, पण चालणाऱ्यांशी आणि घोडेस्वारांशी खटके उडाल्यामुळे तिथल्या माउंट तमालपैसवरच्या अरुंद पायवाटा सायकलींना अनेक वर्षे बंद राहिल्या. आपल्या टेकड्यांवर तशी वेळ आली, तर ती तुझ्यासारख्या नव्या स्वारांच्या वाट्याला येईल, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते.

पडण्याबद्दल तुझ्या आईला वाटणारी भीती रास्त आहे. स्वित्झर्लंडच्या योलांडा नेफला डिसेंबर २०१९ मध्ये सरावात पडून प्लीहेला आणि फुप्फुसाला गंभीर इजा झाली, २०२१ च्या जूनमध्ये हात मोडला आणि त्याच वर्षी जुलैअखेर तिने तोक्योत सुवर्णपदक जिंकले. यातून दुखणे अंगावर काढावे असा अर्थ तू घेऊ नकोस. तिच्यामागे डॉक्टर, प्रशिक्षक आणि पुरेसा साहाय्यक चमू होता. तुझ्यामागे तो नाही, म्हणून एकट्याने डोंगरात जाऊ नकोस, कोणत्या वाटेने जातो आणि किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेव आणि डोके आपटले असेल तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नकोस.

पहिल्या शर्यतीत कितवा येशील याचा विचार आत्ता सोडून दे. स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरला ऑलिम्पिकमध्ये २००८ मध्ये कांस्य, २०१२ मध्ये रौप्य आणि २०१६ मध्ये सुवर्ण मिळाले. २०१२ च्या लंडनमध्ये तर त्याचे सुवर्णपदक चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव्ह कुल्हावीने अखेरच्या क्षणी एका सेकंदाने हिरावले होते. आपल्या देशातही आता मैदान आहे. हिमाचलात अनेक दिवसांच्या शर्यती होत आल्या आहेत, राष्ट्रीय स्पर्धा होतात आणि २०२३ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळातील पोन्मुडीला झाली. महाराष्ट्राच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत पदके मिळवली आहेत.

आता एक काम सांगतो. घराजवळच्या टेकडीवरचा तुझ्या सरावाचा उतार निवड, सायकल खाली ठेवून तो वरून खाली आणि खालून वर असा पायी चालून ये, आणि ब्रेक कुठे दाबशील, कुठे सोडशील व नजर कुठे ठेवशील हे कागदावर नकाशा काढून मला पाठव. उतार अर्धा किलोमीटरचा असला तरी पुरे. नकाशा पाहून मी खुणा करून परत पाठवीन आणि त्यानंतरच त्या वाटेवर वेग धर.

तुझा,
काका