आधी पेट्रोलचा वास, मग बेल्टचा आवाज

प्रश्न: आमची १९९७ ची मारुती व्हॅन आहे, कार्ब्युरेटरवाली. मी ती डबे पोचवायला वापरते. सकाळी स्टार्ट केली की पट्टा जोरात किंचाळतो, हेडलाइट लावले की जास्तच. थोड्या वेळाने आपोआप थांबतो. शिवाय गाडीत पेट्रोलचा वास येतो. मिस्त्रींनी पट्ट्याला साबण घासला आणि वासाबद्दल म्हणाले, "जुनी गाडी आहे, वास येणारच." पुढच्या आठवड्यात सासूबाईंना ओंकारेश्वरला न्यायचंय. काय करू?
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर: ताई, गळती सापडेपर्यंत ओंकारेश्वर राहू द्या, आणि डबेसुद्धा दुसऱ्या गाडीने पाठवा. जुन्या गाडीला वास येणारच, हे मला अजिबात मान्य नाही. तुमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. गळलेलं पेट्रोल तिथे तापलेल्या एक्झॉस्टच्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या ठिणगीच्या जवळ असतं, आणि वर तुम्ही बसलेल्या असता. परतीला भेरूघाट चढताना इंजिन किती तापतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

सकाळी इंजिन गार असताना, गाडी उघड्यावर उभी करून सीट उचला. हातात बॅटरीचा टॉर्च. काडेपेटी किंवा वायरचा बल्ब नको. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारा रबरी पाइप क्लिपजवळ जरा वाकवून बघा. मधला भाग धडधाकट दिसतो, पण टोकाला, क्लिपच्या अगदी कडेला, बारीक चिरा असतात. पेट्रोल उडून जातं, मागे धूळ धरलेला पिवळट डाग राहतो. तो डाग शोधा. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. तिथे ओल असेल तर आतला पडदा फाटलाय. मग ऑइलची पट्टी काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली, तर ते पेट्रोल इंजिनात उतरतंय. अशा वेळी गाडी स्टार्टच करू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदला.

सगळं कोरडं दिसलं तरी निर्धास्त होऊ नका. पंप पेट्रोल ढकलतो ते इंजिन चालू असतानाच, त्यामुळे काही गळत्या तेव्हाच दिसतात. ती तपासणी मिस्त्रींना करू द्या, शेजारी पावडरचा अग्निशामक ठेवून. कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई अडकून पेट्रोल वरून वाहतंय का, हेही बघायला सांगा. आणि वास टाकी फुल केल्यावरच येत असेल तर टाकीच्या तोंडाचा पाइप आधी पाहावा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९९७ चं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. म्हणून चिरलेला एकच तुकडा नको, टाकीपासूनचे सगळे रबरी पाइप बदला. इथेनॉलला टिकणारे, पेट्रोलचेच. पाण्याचा पारदर्शक पाइप कुणी लावू पाहिला तर नाही म्हणा. तो कडक होऊन तडकतो.

आता पट्टा. हेडलाइटची गोष्ट तुम्ही लिहिलीत ते फार बरं केलंत, निदान तिथेच आहे. स्टार्टर मारल्यावर बॅटरी भरायला अल्टरनेटरवर भार येतो, दिवे लावले की आणखी. सैल बेल्ट तेवढा भार पेलत नाही, पुलीवर घसरतो आणि किंचाळतो. साबणाने आवाज काही दिवस दबतो, घसरणं थांबत नाही. याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो, म्हणजे घाटात इंजिन तापायची भीती आहेच.

इंजिन बंद ठेवून बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण १० मिलिमीटर दबला तर ठीक, त्याहून जास्त म्हणजे सैल. आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल तर कसून उपयोग नाही, नवाच घाला आणि पुलीवरचा साबण पुसून काढा. नव्या बेल्टनंतरही घरघर राहिली, तर अल्टरनेटर किंवा पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. मिस्त्री बेल्ट उतरवून क्षणभर इंजिन चालवतील; घरघर थांबली की संशय या दोघांवरच. पंपाखाली कूलंटचा ओघळ असेल तर पंपच.

नवा बेल्ट सुरुवातीला थोडा ताणतो. आठवड्याभराने पुन्हा कसून घ्या.