दादरच्या फुलबाजारात पहिल्यांदा जाताना

गाडी नेऊ नका. पहाटेची लोकल पकडा आणि दादरला पश्चिमेला उतरा, वासानेच रस्ता सापडेल. पाचच्या आसपास पोचलात तर माल ताजा मिळतो. आठनंतर उरतं ते निवडून टाकलेलं, आणि गर्दी वेगळीच.

पहिली चक्कर नुसती बघत मारा, पिशवी उघडू नका. चार ठिकाणी भाव विचारले की अंदाज येतो. झेंडू किलोवर मिळतो, आणि पाणी मारलेला झेंडू वजनाला भरतो हे लक्षात ठेवा. ढिगात हात घालून खालचं फूल काढा: देठाकडे काळपट, चिकट लागलं तर पुढे चला. शेवंतीचंही तसंच. निशिगंध मात्र कळ्या मिटलेल्याच घ्या, घरी उमलतात. वसईकडची सोनचाफ्याची फुलं दिसली तर भाव करत बसू नका, ती लवकर संपतात. (मी एकदा पाच रुपयांसाठी घासाघीस केली आणि रिकाम्या हाताने परतलो.)

दुर्वा, आंब्याचे टाळे, बेल विकणाऱ्या बायका कडेला बसलेल्या असतात, ते शेवटी घ्या. पिशवी कापडीच हवी, प्लास्टिकमध्ये फुलं घामेजून काळी पडतात. खाली चिखल आणि पाकळ्यांचा राडा असतो, तेव्हा जुन्या, न घसरणाऱ्या चपला घाला. मागून हमालाची हाक आली की मोबाइल खिशात घालून आधी बाजूला व्हा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहिली फेरी करू नका. त्या दिवशी भावही चढलेला आणि पाय ठेवायलाही जागा नाही.