बेळगावजवळच्या सीमाभागातल्या खेड्यात रोजचं जगणं कसं असतं? गावाचा इतिहास काय?

प्रश्नात तुम्ही पुढं विचारलंय, "तिकडं शेती होते की नुसती आंदोलनं?" दोन्ही होतं, पण भात आधी.

माझं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, उचगाव-बेकिनकेरे पट्ट्यात. शिवाराच्या पलीकडं चंदगड तालुका. 1956 पर्यंत दोन्हीकडं बेळगाव जिल्हाच, मुंबई राज्यातला. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्यात गेला, आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात. सोयरीक होती तिथंच राहिली. माझी आत्या तिकडं दिलेली, थोरली वहिनी तिकडचीच. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालानं बेळगाव म्हैसूरकडंच ठेवायला सांगितलं, महाराष्ट्रानं तो मानला नाही आणि 2004 ला सुप्रीम कोर्ट गाठलं.

आता शेत. पावसाळ्याच्या तोंडावर धूळवाफ पेरणी, म्हणजे कोरड्या मातीतच कुरीनं भात पेरून टाकायचं आणि आभाळाकडं बघत बसायचं. भात निघालं की खालच्या काळ्या शिवारात ओलीवर मसूर, वाटाणा.

माळाच्या तांबड्या जमिनीत मात्र रताळी. मेरा, म्हणजे मातीचे लांब उंचवटे, ओढून त्यावर वेलीचे तुकडे रोवतात. वेल पसरली की मधनंमधनं उचलून फिरवावी लागते, नाहीतर ती पेरापेराला मुळं धरते आणि खाली रताळं बोटाएवढंच राहतं. हे काम बायकांचं, ओणव्यानं, प्लास्टिकचा कागद पांघरून भर पावसात. नवरात्राच्या उपासाला दर बरा म्हणून सगळेच एकदम काढतात, मग दर पडतो. व्यापाऱ्याला हे आमच्याआधी ठाऊक असतं.

सीमा रोज जाणवते ती कागदात. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो. वडिलांच्या पिढीला तो वाचून घ्यायला माणूस शोधावा लागायचा. आमची शाळा मराठी असली तरी कन्नड विषय होता, त्यामुळं शेजारपाजारचे लोक उतारा घेऊन माझ्याकडं येतात. वाटणीत बहिणीचं नाव लागलंय का, सोसायटीचा बोजा उतरला का, एवढंच बघायचं असतं. मोर्च्यात कन्नड फलकाविरुद्ध घसा कोरडा करणारे काकाही येतात, चहा पिऊन जातात.

पोरं काही बेळगावातल्या उद्यमबागच्या फाउंड्रीत, काही चंदगडकडच्या शिनोळीच्या एमआयडीसीत, म्हणजे रोज सकाळी दुसऱ्या राज्यात. सुगीला मात्र सगळे रजा टाकतात. म्हैसूर राज्यात घातल्याच्या निषेधात सीमाभागातले मराठी लोक 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, त्या दिवशी बेळगावात सायकल फेरी निघते आणि नेमकं त्याच सुमारास भात कापायला आलेलं असतं. आमच्यात घरटी एक जण फेरीला, बाकीचे विळे घेऊन शेतात. फेरीला गेलेला दुपारनंतर बांधावर दिसला नाही तर आई त्याचं काय करते, ते वेगळा प्रश्न टाकून विचारा.